“तीन महिने पुड्या घेऊन बघते, मग ऑपरेशन आहेच”

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

बीड जिल्ह्यातल्या एका गावातून ४४ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. लग्नानंतर बरीच वर्षं जोडीनं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेल्या. आता घरच्या तीन एकर कोरडवाहूत कापूस आणि तूर घेतात. पोळ्याच्या सुमारास आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून महिनाभर त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मग आशाताईंनी आग्रह केला आणि त्या छत्रपती संभाजीनगरला गेल्या. सोनोग्राफी, मॅमोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला (बायोप्सी). कर्करोग निघाला. दुसरा टप्पा, गाठ हार्मोनवर वाढणारी. आधी ऑपरेशन, मग केमो, मग शेक (रेडिएशन) आणि त्यानंतर पाच वर्षं रोज एक गोळी, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनची तारीखही मिळाली आहे.

मधल्या काळात धाकट्या दिरांनी त्यांना दोन जिल्हे पलीकडच्या एका औषध देणाऱ्याकडे नेलं. तो पुड्या देतो. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली, लाल दोरा गुंडाळलेली, राखाडी आणि हाताला जड लागणारी भुकटी. पहाटे गाईच्या दुधातून घ्यायची, तेल आणि आंबट बंद. ऑपरेशन, सुई किंवा इंग्रजी गोळी चालू असेल तर पुडी लागू पडत नाही, ही मुख्य अट. महिन्याचे नऊ हजार.

ताई लिहितात, “माझी थोरली जाऊ केमो घेता घेताच गेली. बत्तिसाव्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली, तेव्हाही डॉक्टर म्हणले होते, काढा नाहीतर कॅन्सर होईल. पिशवी गेली, कंबर गेली, आणि कॅन्सर झालाच. आता यांचं तरी कसं खरं मानू? पुडीनं काही नुकसान तर होत नाही. तीन महिने घेऊन बघते, फरक नाही पडला तर ऑपरेशन आहेच. ते कुठं पळून जातं? मालक काहीच बोलत नाहीत. तुम्ही सांगा, आधी काय करू?”

उत्तर:

ताई,

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात पुडीबद्दल थोड्याच ओळी आहेत. बाकी सगळं घराबद्दल आहे. कापूस वेचायला माणूस कुठून आणायचा, सासूबाईंना उठवून बसवायला कोण, धाकटीचं बारावीचं वर्ष, ‘कॅन्सरवाल्या घरातली पोरगी’ म्हणून तिचं लग्न अडेल का, छाती काढल्यावर मालक तोंडाकडे बघतील का. तुमचा पुडीवर फार मोठा विश्वास बसलाय असं मला वाटत नाही. पुडी सोयीची आहे, एवढंच. तिच्यासाठी दवाखान्यात राहावं लागत नाही, केस जात नाहीत, ती घेऊन रानात जाता येतं, आणि घरात कोणाची घडी मोडत नाही. म्हणून ‘पुडी खोटी, ऑपरेशन खरं’ एवढं सांगून मी मोकळी झाले तर तुमच्या हाताला काही लागणार नाही. औषधाचं बोलू, आणि घराचंही.

तुमचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला याला सबळ कारण आहे, तिथूनच सुरू करते. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून टेबलावर घेतल्याच्या हकिकती तेव्हा राज्यभर गाजल्या. तुमच्या गावात अशा किती जणी असतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हा ‘डॉक्टर म्हणतात म्हणून गुपचूप करा’ असं बीडच्या बाईला सांगायचं तोंड कोणालाच नाही.

पण तेव्हाचं आणि आत्ताचं जरा शेजारी ठेवून बघा. पिशवी काढण्याआधी तुकडा काढून तपासायला पाठवला होता का? कॅन्सर ‘होईल’ म्हणाले होते की ‘आहे’ असा लेखी कागद दिला होता? दुसऱ्या कोणाला दाखवून घ्या असं कोणी सुचवलं होतं? तुमच्या पत्रावरून तरी तिन्हींची उत्तरं ‘नाही’ अशीच दिसतात. आत्ता तुमच्या फायलीत बायोप्सीचा कागद आहे. गाठ कोणत्या जातीची, किती आक्रमक, हार्मोनवर वाढते की नाही, सगळं त्यावर लिहिलेलं आहे, खाली तपासणाऱ्याची सही आहे. हा कागद खोटा ठरवायचा तर तोही मार्ग आहे. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो अर्ज करून मागता येतो. तो दुसऱ्या सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात, मुंबईच्या टाटा रुग्णालयात सुद्धा, तपासून घेता येतो. याला आठ-पंधरा दिवस गेले तर जाऊ द्या. शंका मनात ठेवून टेबलावर झोपण्यापेक्षा हे बरं. डॉक्टरांना राग येईल म्हणून घाबरू नका, चांगल्या डॉक्टरला येत नाही.

मग हीच कसोटी पुडीलाही लावा. त्यात काय आहे, हे तो माणूस चिठ्ठीवर लिहून देईल का? त्याची नोंदणी कुठली? तुमच्यासारखी गाठ असलेल्या, बायोप्सीत कर्करोग निघालेल्या आणि फक्त पुडीनं बऱ्या झालेल्या एखाद्या बाईचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट तो दाखवेल का? फोटो नकोत, आणि ‘अमक्या गावचे पाटील ठणठणीत आहेत’ हेही नको. स्तनातल्या बहुतेक गाठी मुळात कर्करोगाच्या नसतातच. तुकडा न तपासता पुडी घेतलेल्या दहा बायका ‘बऱ्या’ झाल्या, तर त्यांतल्या बऱ्याच जणी आधीपासूनच बऱ्या होत्या. काही जणी ऑपरेशन करून आलेल्या असतात आणि श्रेय पुडीला देतात. ज्यांना गुण आला नाही त्या सांगायला परत येत नाहीत. अशा माणसाच्या ओट्यावर कायम बरे झालेलेच का दिसतात, याचं कारण हे आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही दिरांच्या कानावर घाला. त्यांनी आणलेलं हॅंडबिल त्यात बसतं.

आता ‘तीन महिने’. तुमच्या सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती या दोन शब्दांची. ‘ऑपरेशन कुठं पळून जातं?’ ऑपरेशन पळत नाही, खरंय. पण तीन महिन्यांनी टेबलावर येणारी गाठ आजची नसेल. तुम्ही कापूस लावता, तुम्हाला गुलाबी बोंडअळी सांगायला नको. वरून बोंड हिरवंगार, कुठं डाग नाही, आणि फोडून बघावं तर सरकी खाल्लेली. ही गाठ दुखत नाही, म्हणून तीन महिन्यांनीही तुम्हाला ‘तशीच आहे’ असंच वाटण्याची शक्यता जास्त. आत मात्र ती काखेतल्या गाठींपर्यंत गेलेली असू शकते, तिथून पुढे हाडात, फुप्फुसात. जगभरातल्या अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की कर्करोगाचं ऑपरेशन दर चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी चढतो. दुसऱ्या मतासाठीचे पंधरा दिवस आणि पुडीचे तीन महिने यांत हा फरक आहे.

आणि ते तीन महिने तीनच राहतील असं तुम्हाला का वाटतं? तीन महिन्यांनी मोजणार कोण? गाठ वाढली तर ‘विष बाहेर पडतंय’, तेवढीच राहिली तर ‘औषधानं धरून ठेवलंय’, जरा मऊ लागली तर ‘बघा, विरघळायला लागली’. प्रत्येक उत्तरापुढे आणखी तीन महिने. केमो टाळण्यासाठी पुडी घेणाऱ्या बाईला शेवटी जास्त केमो घ्यावी लागते, हे कोणी सांगत नाही. आज दुसऱ्या टप्प्यात पूर्ण स्तन न काढता गाठ आणि आजूबाजूचा भाग काढून भागतं का, हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारू शकता. बऱ्याच जणींचं भागतं. तिसऱ्या टप्प्यात ते खूपच अवघड होतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. शरीरात दूरवर न पसरलेला कर्करोग असलेली २८१ माणसं, ज्यांनी ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. त्यांची तुलना तशाच आजाराच्या, तशाच वयाच्या, नेहमीचे उपचार घेतलेल्या माणसांशी केली. पर्यायी उपचारवाल्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून जास्त. ही माणसं अडाणी किंवा गरीब नव्हती, उलट जास्त शिकलेली आणि बऱ्या उत्पन्नाची होती. त्याच वर्षी त्यांनी दुसरा अभ्यास केला, तो मला जास्त उपयोगाचा वाटतो. त्यात नेहमीच्या उपचारांसोबत इतर काही घेणारे होते. त्यांच्यातही धोका दुप्पट निघाला, आणि कारण शोधलं तर ते झाडपाल्यात नव्हतं. या लोकांनी मधेच ऑपरेशन, केमो, शेक किंवा गोळी यांतलं काहीतरी सोडलं होतं. तुमच्या माणसाची अट नेमकी तीच आहे: माझं घ्यायचं तर बाकीचं सोडा. पुडीतली भुकटी उद्या निव्वळ सुंठ निघाली तरी या अटीचा धोका तेवढाच राहतो.

भुकटी सुंठ असेल असं मात्र मला वाटत नाही. राखाडी आणि हाताला जड, असं तुम्ही स्वतः लिहिलंय. भस्म म्हणून दिल्या जाणाऱ्या भुकट्यांत शिसं, पारा, सोमल (आर्सेनिक) असू शकतं. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा साधारण पाचातल्या एका औषधात यांतलं काही ना काही सापडलं होतं, आणि ती लेबल लावलेली औषधं होती. बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळण्याचा धंदा तर जुनाच आहे. भूक लागते, अंग भरतं, दुखणं थांबतं, आणि घरचे म्हणतात, ‘बघ, चेहऱ्यावर तेज आलं.’ अशा शरीरावर भूल द्यायची वेळ आली आणि डॉक्टरांना ठाऊकच नसेल तर काय होईल, याचा विचार करा. एखादी पुडी घेतली असेल तर लपवू नका. उरलेली कागदासकट दवाखान्यात घेऊन जा.

याचा अर्थ आपली वनस्पती वाईट असा घेऊ नका. तुमच्या अंगणात तुळशीशेजारी सदाफुली असेल. तिच्यापासून काढलेली व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधं केमोमध्ये वापरतात, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर व्हिन्क्रिस्टीनशिवाय पान हलत नाही. झाडातून आलेली केमो म्हणायची ती. पण म्हणून सदाफुलीचा पाला वाटून प्यायचा नसतो, ती विषारी आहे. तिच्यातलं नेमकं काय, किती आणि शिरेतून कसं द्यायचं हे ठरवायला वर्षं गेली. गुळवेलीचंही तसंच. कोरोनाच्या काळात काढे पिऊन यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली होती. तो वाद बाजूला ठेवू, पण ‘नैसर्गिक आहे, नुकसान करत नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. धोतराही नैसर्गिकच आहे.

आयुर्वेदावर मन असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा. नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, त्यांची रुग्णालयं आहेत. भूक, झोप, बद्धकोष्ठ, अंगदुखी यांसाठी तिथं मदत मिळू शकते. फक्त कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या औषधांशी जुळतंय का विचारून. चांगला वैद्य तुमची बायोप्सी बघून तुम्हाला ऑपरेशनला जा असंच सांगेल. जो सांगणार नाही त्याच्याकडून उठून या.

‘सुई लागली की पसरतो, चाकू लागला की पेटतो’ हे गावोगाव ऐकू येतं. तपासणीच्या सुईनं स्तनाचा कर्करोग पसरत नाही. उशिरा गेलेल्या बाईचा आजार सुई लागण्याआधीच पसरलेला असतो, तपासणीनंतर तो फक्त कळतो, आणि दोष सुईवर येतो.

तुमच्या जावेबद्दल लिहिताना मला जपून लिहायला हवं, जखम ओली आहे. तुम्ही एका ठिकाणी ओझरतं लिहिलंय की तिला दवाखान्यात नेलं ते गाठ फुटल्यावर. कर्करोगाच्या ओपीडीत एकदा माझ्या शेजारी साधारण तुमच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारीचा पदर छातीवर दोन वेढे घट्ट, त्यातून लेपाचा पिवळा-काळा डाग बाहेर आलेला. लेप त्या वर्षभर लावत होत्या. बाकावरची माणसं हळूहळू सरकून बसत होती. त्यांच्या लेकानं, विशीतला पोरगा, खिशातून अत्तराची कुपी काढली आणि कोणाकडे न बघता आईच्या पदराला लावली. बाई त्याला म्हणाल्या, ‘राहू दे, महाग असल.’ या बाईला पुढे केमो दिली आणि ती गेली, तर गावात काय म्हणतील? केमोनं गेली. तुमची जाऊ कशानं गेली हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण तिची केमो सुरू झाली तो दिवस आणि तिला गाठ पहिल्यांदा कळली तो दिवस, यांत किती काळ गेला हे तुम्ही घरात विचारून बघा.

केमो सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उलट्या होतात, तोंड येतं, केस जातात (केमो संपल्यावर परत येतात). पांढऱ्या पेशी उतरतात आणि तेव्हा साधा संसर्गही जिवावर बेततो. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता, गावातल्या डॉक्टरकडून सुई न घेता, थेट दवाखाना. रात्री दोन वाजता निघायची वेळ आली तर कोणाची गाडी, हे आत्ताच ठरवून ठेवा. केमोत जीव जाण्याचे जे प्रसंग टाळता येतात, त्यांतले बरेच इथं टळतात. थर्मामीटर घरात हवा. आणि तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. तुमच्या वयात त्यासाठी बहुधा टॅमॉक्सिफेन ही गोळी देतात. ती फार महाग नाही, आणि पाच वर्षं नेमानं घेतली तर पुढच्या काळातला मृत्यूचा धोका साधारण एक-तृतीयांशानं उतरतो. तुमच्या बाबतीत केमो किती गरजेची आहे हेही विचारा. ऑपरेशनच्या रिपोर्टनंतर काही जणींची केमो टळते सुद्धा.

‘हे सगळं शहरातल्या लोकांसाठी’ असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक खेड्यापाड्यांतल्या बायका एका मोठ्या अभ्यासात सामील झाल्या होत्या, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा त्यात होते. त्यांच्यामुळे जगाला २००९ मध्ये कळलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदा जरी केली आणि निघालं त्यावर लगेच उपचार केले, तर मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. आजार वेगळा आहे, पण लवकर गाठण्यानं काय होतं हे जगाला मराठवाड्याच्या बायकांनी दाखवून दिलंय.

आता घर. पैशाचं आधी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही येतं आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो त्याच्या टेबलाशी जा. दाखल होण्याआधी जा, नंतर धावपळ होते. रेशन कार्डावर आणि आधारवर नावात फरक असेल तर आजच दुरुस्तीला टाका, निम्मी अडचण तिथंच होते. योजनेतल्या उपचारासाठी कोणी वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या एकाला रुग्णालयाच्या दाखल्यावर सवलत मिळते. तुलनेला तुमची पुडी तीन महिन्यांत २७ हजार खाईल, आणि तिला कुठली योजना नाही.

कापसाचं: यंदा सावड करा. तुमच्या आळीतल्या चार घरांशी आधी बोला, पुढच्या वर्षी तुम्ही फेडाल. तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या बाळंतपणात, दुखण्यात धावलात, हे मागायला लाजू नका. काही वेचणी जाईल, बोंडं गळतील. गळू द्या. डाव्या काखेतल्या गाठी काढल्या तर त्या हाताला जपावं लागतं, तेव्हा कोयता, मोळी आणि हंडा बरेच महिने विसरायचं. हे घरात सगळ्यांसमोर एकदा सांगून टाका, म्हणजे रोज रोज सांगावं लागणार नाही.

लेकीचं: स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच घराण्यातून उतरणारे असतात. थोरली जाऊ तुमच्या लेकीच्या रक्ताची नाही, तिचं यात मोजायचं नाही. पण तुमचं वय पन्नाशीच्या आतलं आहे, म्हणून जनुकांची तपासणी करायला हवी का हे डॉक्टरांना विचारा. सोयरिकीसाठी आजार लपवायचा विचार सोडून द्या. वर्षभर बाई रानात दिसली नाही की गावाला कळतंच.

मालकांचं तुम्ही फार थोडं लिहिलंय. न बोलणारा माणूस नाराजच असतो असं नाही, कित्येकदा तो घाबरलेला असतो आणि कुठं हात घालावा हे त्याला कळत नाही. पुढच्या भेटीला त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, डॉक्टरांच्या खोलीत न्या. त्यांच्या कानानं ऐकू द्या. छातीबद्दलचा प्रश्न तुम्ही मला विचारलाय, तो त्यांना विचारा, कदाचित उत्तर तुम्हाला वाटतं तेवढं वाईट निघणार नाही. वाईट निघालं तर मला परत लिहा, त्यावर वेगळं बोलू.

दिरांशी भांडू नका. भाऊजी तुम्हाला गाडीवर बसवून दोन जिल्हे घेऊन गेले, ते तुम्ही जगावं म्हणून. त्यांना काहीतरी करायचंय, तर करायला द्या: रक्तदाते गोळा करणं, आरोग्यमित्राच्या रांगेत उभं राहणं, दुसऱ्या मतासाठी ब्लॉक घेऊन जाणं. ‘तुम्ही मला फसवलं’ असं ऐकलं की माणूस हट्टाला पेटतो. ‘आता तुम्हीच माझ्यासोबत चला’ म्हटलं की येतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट वेगळी काढून ठेवते. एखाद्या ऐंशीच्या आजोबांचा आजार सगळीकडे पसरलाय, दोन वेळा केमो झालीय, आणि ते म्हणतात ‘आता पुरे, मला घरी न्या.’ तो निर्णय या ताईंच्या निर्णयासारखा नाही. तिथं डॉक्टरांकडे पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, उपचारांची चौकशी करा, दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या असतात, त्या मागा, आणि आजोबांना त्यांच्या ओसरीवर राहू द्या. पण ज्याचा आजार अजून आवाक्यात आहे त्यानं त्यांचा दाखला देऊ नये.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी ऑपरेशन, दिलेल्या तारखेला. शंका असेल तर त्याआधी दुसरं मत. पुडी आजपासून बंद. शिकलेल्या वैद्याकडे जायचं तर डॉक्टरांना सांगून आणि ऑपरेशन झाल्यावर, कारण काही काढे-चूर्णांनी रक्तस्राव वाढतो. तुम्ही हे मानलंच पाहिजे असं नाही, शरीर तुमचं आहे. पण पुडीच घ्यायची ठरली, तर निदान आज गाठ सोनोग्राफीत मोजून घ्या, महिन्यानं पुन्हा मोजा आणि आकडा वाढला तर काय करायचं हे आजच मालकांसमोर बोलून ठेवा.

हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तारीख निघून गेली असेल तरी जा. फाईल घेऊन सकाळी आठच्या आत ओपीडीत पोचा, केसपेपर काढा आणि मधल्या काळात काय घेतलं ते खरं सांगा. एखादा शिकाऊ डॉक्टर रागावेल, ‘इतके दिवस कुठं होता’ म्हणेल. ऐकून घ्या आणि नवी तारीख मागा.